वाल्मिक पिग्मीवाल्याचा शब्द

सोनईच्या पेठेत वाल्मिकला आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. तो सगळ्यांचा पिग्मीवाला. एकोणीस वर्षं, रोज दुपारी चार वाजले की खांद्याला बॅग अडकवून तो मारुतीच्या पारापासून सुरुवात करायचा आणि दिवेलागणीला बसस्थानकापाशी पोचायचा. न्हावी वीस रुपये द्यायचा, चपला शिवणारा दहा, किराणावाला शंभर. वाल्मिक पावती फाडायचा, चार शब्द बोलायचा आणि पुढच्या दुकानाची पायरी चढायचा. वर्ष भरलं की लोकांना पतसंस्थेतून व्याजासकट पैसे मिळायचे आणि वाल्मिकला त्याचं कमिशन. त्यावरच त्याचा संसार झाला, कल्याण नावाचा एकुलता मुलगा शिकला, दोन खोल्यांवर स्लॅब पडला.

लोक पैसे पतसंस्थेत ठेवत होते हे खरं, पण पतसंस्थेचं तोंड किती जणांनी पाहिलं होतं? त्यांच्यासाठी पतसंस्था म्हणजे वाल्मिकच. पाऊस असो, बंद असो, घरात सुतक असो, त्याची फेरी चुकली नाही. एकदा ताप अंगात असताना तो फिरला, तेव्हा त्याची बायको सत्यशीला म्हणाली होती, "एक दिस न्हाई गेला तर काय आभाळ कोसळतंय?" वाल्मिक म्हणाला, "एक दिस न्हाई गेलं की लोक दुसऱ्या दिशी इचारत्यात. इचारायची येळ येऊ द्यायची न्हाई."

ती वेळ चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधी आली. पेठेत कुजबुज सुरू झाली की संस्थेनं मोठमोठी कर्जं बुडव्यांना वाटली आहेत. लोक घाबरून पैसे काढायला निघाले. व्यवस्थापकानं वाल्मिकला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. म्हणाला, "अफवा आहे. लोकांना सांभाळा. तुमच्या शब्दावर थांबतील." वाल्मिकनं विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं त्याच्या सोयीचंही होतं. फेरी बंद पडली तर तो तरी काय खाणार होता?

सत्तावीस जणांना त्यानं थांबवलं. त्यातली एक रतनबाई. बसस्थानकाच्या कोपऱ्यावर ती भाजी विकायची. नवरा कधीच वारला होता, मुलगी-जावई अपघातात गेले होते, आणि त्यांची पोर निकिता तिच्यापाशीच वाढत होती. रतनबाईनं रोजच्या पन्नास-शंभरातून, वर्ष भरलं तरी पैसे न काढता, शहाऐंशी हजार जमवले होते. गावातल्या नेत्रशिबिरात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, नगरला जाऊन लवकर ऑपरेशन करा. ती वाल्मिकला म्हणाली, "भाऊ, माझं पैसं काढून दे. डोळ्याचं करायचंय."

"मावशी, दोनच महिने ऱ्हायलेत मुदतीला," वाल्मिक म्हणाला. "आत्ता काढलं तर याज बुडल. लोकांचं नका ऐकू. मी हाय ना."

"तू म्हन्तोस तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि त्या दिवसाचे पन्नास रुपयेही तिनं त्याच्या हातावर ठेवले.

अठराव्या दिवशी संस्थेच्या शटरला कुलूप लागलं. पुढे सरकारी अधिकारी नेमला गेला. लोकांनी अर्ज भरले, पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, तालुक्याला खेटे घातले. मालमत्ता विकली की बघू, एवढंच उत्तर मिळायचं. अध्यक्ष पुण्याला राहायला गेले होते आणि व्यवस्थापकाचा फोन लागत नव्हता. घर माहीत होतं ते फक्त वाल्मिकचं. लोक तिथं आले. कुणी शिव्या दिल्या, कुणी ओट्यावर बसून नुसतं रडलं. न्हावी आदिनाथ म्हणाला, "मी संस्थेला पैसं दिलंच न्हाईत. तुझ्या हातात दिलं."

वाल्मिकच्या मनात ते वाक्य बसलं ते कायमचं.

कल्याण तेव्हा सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. बाप लोकांचे पैसे स्वतः फेडायचं म्हणतोय हे कळल्यावर तो घरी आला आणि त्याला समजावू लागला. "कायद्यानं तुमी एक रुपया देनं लागत न्हाई, दादा. तुमी नोकर हुता."

"सगळ्यांचं न्हाई देत मी. ज्यास्नी मी थांबिवलं त्यांचंच देतो. ती कुजबुज ऐकून काढायला आल्ते, मी आडवा पडलो."

"किती हुत्यात?"

"चार लाख सत्तर."

कल्याणनं मोबाईल काढला, नावं विचारून घेतली आणि रकमा चढत्या क्रमानं लावल्या. "द्यायचंच ठरलं आसंल तर बारक्यापासून सुरू करा. लहान रकमा आदी फेडायच्या. नावं भराभर कमी हुत्यात, मानसाला हुरूप येतो. कंपनीत एका सायबानं शिकिवलं हुतं आमाला."

त्या यादीत सगळ्यात खाली रतनबाईचं नाव आलं.

सत्यशीलानं पाटल्या आणि गंठण काढून दिलं. काढताना पाटली मनगटात अडकली तेव्हा साबण लावून वाल्मिकलाच ती ओढावी लागली. सोनं गहाण ठेवून एक लाख साठ हजार मिळाले. एका फायनान्स कंपनीनं घराच्या कागदावर दोन लाख दिले, महिना साडेसहा हजारांचा हप्ता, चार वर्षं. दोन महिन्यांत वाल्मिकनं पंचवीस नावं फेडली. प्रत्येकाच्या दारात तो स्वतः गेला. चपला शिवणारानं पैसे मोजून घेतले आणि "बरं झालं" एवढंच म्हणाला. आदिनाथनं त्याला बसवून फुकट दाढी केली. त्या दोन महिन्यांत वाल्मिकला वाटलं, आपण ह्यातून निघतो.

उरली दोन नावं आणि तीन लाख साठ हजारांचं नवं कर्ज. कल्याणनं ओळखीनं त्याला सुप्यालाच रखवालदाराची नोकरी मिळवून दिली. बारा तासांची पाळी, चौदा हजार पगार. पंचावन्नाव्या वर्षी वाल्मिकनं निळा गणवेश चढवला. चौघांत एक खोली घेतली. होती ती जुनी दुचाकी विकली. चहा सोडला, तंबाखू सोडली, लग्नकार्यांना जाणं सोडलं, कारण आहेराची लाज वाटायची. हप्ता, सोन्याचं व्याज, खोली आणि खाणं जाऊन महिन्याकाठी दोन-अडीच हजार सत्यशीलाकडे पोचायचे. ती कांद्याच्या चाळीवर निवडायला जायची. खर्च म्हणून कापण्यासारखं घरात काही उरलंच नव्हतं.

रतनबाईला महिना दोन हजार द्यायचे असं त्यानं ठरवलं होतं. पहिल्या महिन्यात सत्यशीलाचा दात ठणकला. दुसऱ्या महिन्यात घरची पाण्याची मोटार जळली. मग कारखान्याचा ठेकेदार बदलला आणि पाच आठवडे पगार झाला नाही. हप्ता चुकू नये म्हणून वाल्मिकनं खोलीतल्या एका पोरानं दाखवलेल्या मोबाईलच्या ॲपवरून दहा हजार उचलले. ते फेडायला आणखी उचलले. चार महिन्यांत दहाचे एकतीस झाले. ॲपवाले फोन करून घाणेरडं बोलायचे. एकदा त्यांनी थेट कल्याणच्या साहेबाला फोन लावला. त्या दिवशी कल्याण गेटवर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझी नोकरी घालवता का आता? तुमचा शब्द, तुमची इज्जत. आमी कोन हाये तुमचे?" पुढच्या महिन्यात तो बदली घेऊन चाकणला गेला. फोन करायचा, पण आईला.

रतनबाईनं मात्र कधी मागितलं नाही. वाल्मिकही सुट्टीला गावी आला की बसस्थानकावर न उतरता अलीकडच्या फाट्यावर उतरायचा आणि शेतातून घर गाठायचा. ओरडणाऱ्यांचे पैसे आधी गेले होते; जी गप्प होती, ती मागं राहिली होती. हे त्याला कळत होतं. कळून करता येण्यासारखं त्याच्या हातात काही नव्हतं, असं तो स्वतःला सांगायचा.

दीड वर्षानं एका सकाळी निकिताचा फोन आला. "मामा, आजीला तुमाला भेटायचंय. रागावली न्हाई ती. या."

वाल्मिकनं ठेकेदाराकडून उचल घेतली, थोडे खोलीतल्या माणसांकडून घेतले, आणि बारा हजार घेऊन तो गेला. भाजीच्या जागेवर निकिता बसली होती. बारावीनंतर तिचं कॉलेज सुटलं होतं. तिनं मागच्या, त्यांच्या राहत्या खोलीकडे बोट दाखवलं. रतनबाई खाटेवर बसून लसूण सोलत होती. वाल्मिक दारात उभा राहिला तरी तिनं मान वर केली नाही.

"मावशी."

तिनं आवाजाच्या दिशेला तोंड केलं, पण नेमकं त्याच्याकडे नाही, जरा बाजूला. "वाल्मिक का? ये. बस बाबा."

तो खाटेपाशी खाली बसला. "मावशी, डोळे..."

"उजवा पार गेला. डाव्यानं खिडकीयेवढं दिसतंय, तेबी धुराटल्यावानी. थेंब हुते, पर म्हैन्याला सातशे रुपये. ह्या पोरीचं बघावं का थेंबाचं?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं.

वाल्मिकनं नोटा तिच्या हातात ठेवल्या. ती एकेक नोट बोटांनी चाचपू लागली. आकार, कडा, घडी. दोन नोटा मोजून झाल्यावर ती थांबली.

"पाशशाच्या हायेत का?"

"व्हय."

"तूच मोज. मला आता कळंना."

त्यानं मोजले. मोजून झालेली एकेक नोट तो तिच्या हातात ठेवत गेला.

"मला समद्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "सगळ्यांचं दिलंस. माझंच ऱ्हायलं. मी म्हटलं, आसंल काही. एकच इचारायचं हुतं. त्या दिशी तुला ठावं हुतं का रं, कुलूप लागनार म्हनून?"

"न्हाई मावशी. शप्पत न्हाई."

"मग झालं," ती म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

झालं, असं वाल्मिकला म्हणता येईना. गावातून बाहेर पडण्याआधीच त्यानं ठरवलं. सोन्याचा भाव वाढला होता. गहाण ठेवण्यापेक्षा विकून टाकलं तर सोन्यावरचं कर्ज फिटून लाखभर हातात येत होते. सत्यशीलाला त्यानं विचारलं. ती चुलीपुढून उठली नाही. "इकायचंच व्हतं तर तवाच इकायचं. दीड वरीस त्याचं याज भरलं. बाईचा डोळा बी गेला न् सोनं बी गेलं." ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर सोनाराकडे आली, कागदावर सही केली आणि तिथूनच परस्पर कामावर गेली.

ॲपचं देणं मिटलं. उरलेले चौऱ्याहत्तर हजार वाल्मिकनं निकिताच्या हातात दिले, आणि नगरच्या दवाखान्यात तो स्वतः सोबत गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन करायचं ते फक्त डाव्यात उरलेलं टिकावं म्हणून, आणि तेही टिकेल याची खात्री नाही. ऑपरेशन झालं. सात महिने टिकलं. मग तो डावाही विझला. शहाऐंशी हजारांतले सहा हजार उरले होते. त्यातून निकितानं एक पंखा घेतला, कारण रतनबाई आता दिवसभर खोलीतच असायची.

यादीत एकच नाव उरलं होतं, चोवीस हजारांचं, वीटभट्टीवरच्या सहादेवचं. तो पेठेत सांगत फिरायचा की वाल्मिकनं आपली माणसं बघून पैसे वाटले. ज्यांचे फेडले होते त्यांपैकी कुणी त्याला अडवलं नाही. ज्यांना त्यानं थांबवलं नव्हतं, त्यांचा तर दावाच होता की आमचे का नाही. तिकडे सरकारी अधिकारी बदलून गेला. मालमत्तेचा लिलाव अजून कोर्टात आहे.

मागच्या उन्हाळ्यात नव्या ठेकेदारानं पंचावन्नपुढचे रखवालदार कमी केले. वाल्मिक तेव्हा अठ्ठावन्नचा. घराचे नऊ हप्ते बाकी होते. त्यातले तीन थकले आणि फायनान्सवाल्यांनी दाराला नोटीस चिकटवली. तो कामासाठी पेठेत फिरला. कुणी नाही म्हणालं नाही, बघू म्हणाले.

अशात एक नवी पतसंस्था उघडली. त्यांचा माणूस घरी आला, तरुण, इस्त्रीच्या शर्टातला. "तुम्हीच सगळ्यांचे पैसे परत केलेत ना? तुमच्याइतका विश्वासाचा माणूस आम्हाला सोनईत मिळणार नाही. पिग्मी सुरू करा. साडेतीन टक्के कमिशन देतो. महिन्याची उचलही देऊ."

वाल्मिक म्हणाला, "न्हाई जमनार."

"का? आमची संस्था मजबूत आहे."

"आसंल. मला सांगता यायचं न्हाई लोकास्नी."

माणूस कार्ड ठेवून गेला. सत्यशीला दारातून सगळं ऐकत होती. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडे असा जाब कधी मागितला नव्हता. आज ती म्हणाली, "मंग हप्त्याचं काय?"

वाल्मिकनं कार्ड उचलून खिडकीत ठेवलं.

"माझं सोनं गेलं, पोरगं गेलं. आता घर जाईल. लोकांच्या नजरंत तरी चांगलं ऱ्हायलात का तुमी? त्यो सहादेव काय बोलतो ठावं हाय ना? मंग कुनासाठी न्हाई म्हनालात?"

वाल्मिकनं पुष्कळ शोधलं. रतनबाईसाठी म्हणावं, तर तिला आता त्याचा काय उपयोग? स्वतःसाठी म्हणावं, तर तेवढी ऐपत त्याची राहिली नव्हती. "ठावं न्हाई," तो शेवटी म्हणाला.

सत्यशीलानं डोक्याला फडकं बांधलं, डबा घेतला आणि ती कांद्याच्या चाळीकडे निघाली. उंबऱ्याबाहेर जाऊन तिनं मागं वळून विचारलं, "तिथं गोन्या उचलायला मानूस पायजेल म्हनत हुता मालक. तीनशे रुपये देतो. येता का?"

वाल्मिकची कंबर दोन वर्षांपासून धरलेली होती. त्यानं पायात चप्पल सरकवली आणि तो तिच्या मागोमाग चालू लागला. तिच्या पावलाशी पाऊल मिळवणं त्याला जड जात होतं, आणि ती काही थांबली नाही.