दाजींच्या गाडीतली डावी सीट

कचेरीत फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. पलीकडून भाचीचा आवाज आला, "मामा, बाबा गेले," आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "खिंडीत?" असा. ती गोंधळली. "कुठल्या खिंडीत? घरीच. जेवून हात धुवायला उठले आणि बेसिनपाशीच..." माझ्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, ज्या गाडीपायी एक दिवस जातील म्हणून आम्ही वर्षानुवर्षं धास्तावलेलो, ती गाडी त्या वेळी बोईसरच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

दाजी मूळचे कोल्हापूरकडचे. बोईसरला तारा ओढायच्या कारखान्यात मशिनं सांभाळायच्या कामावर आले आणि इथलेच झाले. मी तेव्हा पालघरच्या तहसील कचेरीत कारकून, बिनलग्नाचा, त्यामुळे रविवारचं जेवण ताईकडे. दाजींनी एक जुनी गाडी भंगाराच्या भावात आणून तिचं इंजिन स्वतः बांधलं होतं. वर्षातून एकदा घाटातली शर्यत असायची, तीत ती पळवायची हा त्यांचा ध्यास. वेळ नोंदली जायची, बक्षीस म्हणून कप मिळायचा, आणि कठड्यापलीकडे दरी असायची. ताईला फक्त ती दरी दिसायची.

अडचण अशी होती की कारखान्यातल्या खडखडाटानं दाजींचे कान गेले होते. सगळे नाही, बारीक आवाजाचे तेवढे. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, कुकरची शिट्टी नाही. आणि इंजिन बिघडायच्या आधी जो आवाज करतं तो नेमका बारीक असतो. पेट्रोल थोडं कमी आणि हवा जास्त दिली की गाडी जोरात ओढते, पण ते जरा जास्तच कमी झालं की आत पेट्रोल वेळेआधी आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घाव बसायला लागतात. त्याला दाजी ठोका म्हणायचे. ठोका ऐकूनही तसंच दामटलं, तर पिस्टनला भोक पडतं, इंजिन जाम होतं, आणि चढावर वळणात चाकं अडकली की गाडी कुठं जाईल ते सांगायला नको. म्हणून दाजींना कान हवे होते, आणि त्यांनी माझे धरले. इंजिनला तांब्याची नळी बोल्टनं आवळलेली, तिला रबरी नळी जोडून ती पत्र्याच्या भोकातून आत घेतलेली, आणि तिचं टोक माझ्या कानात. ठोका ऐकू आला की त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची, बोलायचं नाही, एवढाच नियम. "मीच का?" मी कळवळून विचारलं होतं. "धीट माणसाला ठोका उशिरा ऐकू येतोय," दाजी म्हणाले. "तू भित्रा हाईस, तुला आधी येणार. बस की गप." ताईनं दारात मला बाजूला घेतलं. "त्यांना बरं वाटावं म्हणून ठोका नाही असं सांगू नकोस हं," ती म्हणाली.

त्या वर्षी शर्यतीआधी आम्ही शिरगावच्या समुद्रालगतच्या रस्त्यावर पहाटे गाडी काढत होतो. रस्ता सपाट, दरी नाही. माझा जीव सांभाळूनच दाजींनी तो निवडला होता. पूर्ण वेगात न्यायची, मग एकदम क्लच दाबून स्विच बंद, आणि गाडी मुकाट घरंगळत थांबली की प्लग काढून त्यांचा रंग बघायचा. चहाच्या रंगाचा असला की ठीक, पांढरा पडला की पेट्रोल कमी. मी जीव मुठीत धरून ऐकायचो, आणि ठोका खरोखरच नव्हता. दाजी खुशीत येऊन दर खेपेला पेट्रोलची वाट आणखी थोडी बारीक करायचे. "काय मेव्हणं, ऐकू येतंय काही?" नाही म्हटलं की माझ्या पाठीत धपाटा.

मग एप्रिलातल्या एका भर दुपारी, चढावर कशी ओढते ते बघायला, आम्ही मनोरच्या रस्त्यानं वाघोबा खिंडीत गेलो. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. तिसऱ्या वळणाला दाजींनी गाडी पूर्ण सोडली आणि माझ्या कानात, कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला. आधी दोन-चार दाणे, मग मूठभर. मी थाप मारायला हवी होती. पण माझे दोन्ही हात सीटच्या कडेला असे घट्ट बसले होते की सुटेनात. मी ओरडलो, "दाजी, ठोका! ठोका!" दाजी समोर बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी त्यांच्या कानाशी ओरडत होतो आणि तो माणूस हसत होता... इतका मी आयुष्यात कधी घाबरलेलो नाही. हा माणूस आता मरणार, शेजारी मीही मरणार, आणि ताई दारात उभी असणार, एवढंच डोक्यात होतं. हात कसा सुटला ते मला आजही सांगता येत नाही. पण सुटला, आणि गुडघ्यावर मी थाप नाही, बुक्की मारली.

स्विच बंद झाला. गाडी घरंगळत वाघोबाच्या देवळापाशी टेकली. ताडगोळे विकणारी एक बाई आमच्याकडे बघत म्हणाली, "थांबले ता बरा केला. हितून देवाला न थांबता कोनी जाय नाय." दाजींनी फडक्यानं धरून प्लग काढले. तिसऱ्याचं टोक पांढरंफटक आणि त्यावर चमकते बारीक ठिपके, वितळलेल्या पिस्टनचे. दाजींनी तो प्लग बराच वेळ उन्हात धरून पाहिला. "समुद्रावरची हवा ओली असतीया," ते हळू म्हणाले, "ओल्या हवेत ठोका दबतोय. हितली कोरडी, त्यात चढ. माझ्या ध्यानातच आलं नाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू वरडला हुतास?" मी मान हलवली. ते खाली दगडावर बसले. दाजींना घाबरलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं.

त्या वर्षी त्यांनी पेट्रोल सढळ सोडलं, गाडी काळा धूर ओकत घाट चढली आणि दाजी शेवटून दुसरे आले. परतल्यावर त्यांनी डाव्या दरवाजाजवळ एक लोखंडी मूठ वेल्डिंग करून बसवली, तिच्यावर सायकलची रबरी ग्रिप चढवली. "डावा हात हितं. उजवा मोकळा," एवढंच बोलले. त्या मुठीला धरून मी जेमतेम दोनदा बसलो असेन. मग माझी मुरबाडला बदली झाली, आणि खोटं कशाला बोलू, मी सुटलो. दाजी त्यानंतरही कितीतरी वर्षं शर्यतीला जात राहिले. शेजारी कोण बसतं हे मी कधी विचारलं नाही. कारखान्यातला कोणी पोऱ्या असेल, असं धरून चाललो होतो.

तेराव्यानंतर ताईनं शेडची किल्ली दिली. ताडपत्री काढून मी डाव्या सीटवर बसलो. मुठीवरची ग्रिप पार झिजली होती, बोटांच्या जागी रबर जाऊन लोखंड उघडं पडलं होतं, आणि बोटांचे खळगे लहान होते. माझी बोटं त्यात मावेनात. ताई शेडच्या दारात उभी होती.

"तू?" मी विचारलं.

"मग कोण? तुझी बदली झाल्यावर मीच बसायचे."

"भीती नाही वाटायची?"

"वाटायची की," ताई म्हणाली. "पण घरी बसून जास्त वाटायची."