एकाच ग्लासातली बीयर

"किती जण?" फोनवरच्या मुलीनं विचारलं.

"एक," कमलताई कंधारकर म्हणाल्या.

"सोलो ट्रॅव्हलर! सुपर, मॅम. कहाँ से आ रहे आप?"

"नांदेड," कमलताईंनी ठोकून दिलं.

जन्म काचीगुड्यातला, संसार बरकतपुऱ्यातला, आणि कोठीजवळच्या कॉलेजात मुलींना फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या. नांदेडला गेल्या असतील त्या लग्नामुंजींपुरत्या. पण हैदराबादच्या बाईनं हैदराबादेतच बीयरची गाइडेड टूर घ्यायची, तीही एकटीनं, तीही चौसष्टाव्या वर्षी, म्हणजे प्रश्नांना तोटा नाही. परगावच्या बाईला कुणी काही विचारत नाही.

त्या काही पिणाऱ्या बाई नव्हत्या. म्हणजे होत्या, पण रविवारपुरत्या. यजमान गिरीशराव हायकोर्टातले वकील. रविवारी सकाळी ते बेगम बाजारला जायचे. डाळ, जिरं, मिरच्या, आणि पिशवीच्या तळाशी बीयरची एक बाटली. बरकतपुऱ्यातल्या दुकानातून आणायची सोयच नव्हती. तिथं अर्धे अशील आणि उरलेले नातेवाईक. दुपारची जेवणं झाली, पडदे ओढले की बाटली उघडायची. ग्लास मात्र एकच. दोन ग्लासांना वास आला की भांडी घासणारी भाग्यलक्ष्मी गल्लीभर करणार, वकीलसाब पितात ते पितात, मॅडमपण! एक ग्लास असला तर तो पुरुषाच्या नावावर खपून जातो. तेव्हा अर्धा ग्लास कमलताईंनी प्यायचा आणि डावीकडे सरकवायचा, उरलेला गिरीशरावांनी. पुन्हा भरायचा, पुन्हा तसंच. मधे कोर्टातल्या भानगडी, कॉलेजातल्या मारामाऱ्या, कुणाची नक्कल, कुणाची टिंगल. बाहेर दोघंही इतकी गंभीर की त्यांना हसताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

गिरीशराव गेले तेव्हा माणसं भेटायला आली. कुणी त्यांच्या वकिलीचं बोललं, कुणी सोवळ्यातल्या पूजेचं. नणंद कुसुमताईंनी डोळ्याला पदर लावून सांगितलं, "दादानं सुपारीच्या खांडाला कधी हात लावला नाही हो!" कमलताई मान हलवत बसल्या. दुसरं काय करणार? औषधपाण्याचं, पूजेचं, रिकाम्या खुर्चीचं, सगळ्याचं चारचौघांत रडून झालं. रविवारच्या दुपारचं तेवढं राहून गेलं. बंगळूरच्या मुलालासुद्धा ते माहीत नव्हतं. दोन वर्षं ती गोष्ट मनातच होती. एका तरी माणसाला ती सांगायची होती. आपल्यातल्या नव्हे, आपली माणसं लगेच तोंडावर हात ठेवतात. परक्या माणसाला. बीयरचं नाव काढलं तर दचकणार नाही अशा. म्हणून ही टूर. बीयरचं निमित्त.

रविवारी दुपारी मेट्रो बदलत कमलताई हायटेक सिटीला पोचल्या. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पायात चालायचे बूट. टूरच्या मिनीबसमध्ये एकाच ऑफिसातलं एक टोळकं होतं, सगळ्यांचे टी-शर्ट सारखे. गाइड स्नेहा नावाची चटपटीत मुलगी. आणि मागच्या सीटवर एकटाच बसलेला एक तरुण.

बीयर तिथंच बनवून विकणाऱ्या पहिल्या जागी तांब्याचे मोठमोठे हंडे होते. बार्लीला मोड कसे आणतात, ती भाजतात कशी, शिजवून आंबवतात कशी, हे स्नेहा हात नाचवत सांगत होती.

"म्हणजे आंबीलच की," कमलताई पुटपुटल्या.

मागचा तरुण फसकन हसला. "काकू, मराठी?"

"हौ. नांदेड."

"अरे वा! मी युवराज, लातूरचा. पुण्यात असतो. उद्या मित्राचं लग्न आहे इथं, आज काही उद्योग नव्हता. नांदेडला कुठं?"

"स्टेशनपाशी."

"माझी मावशीपण स्टेशनपाशीच!"

"मी पलीकडच्या अंगाला," कमलताईंनी विषय मिटवला.

टी-शर्टवाल्यांना कमलताई फार आवडल्या. "आंटी, आप तो एकदम कूल हो!" म्हणत एकेक जण येऊन खांद्याला खांदा लावी, फोटो काढी, आणि पाठ फिरवी. फोटोत सगळ्यांना हव्या, टेबलाशी कुणालाच नकोत. एका मुलीजवळ त्यांनी सुरुवात करून पाहिली, "मेरे मिस्टर भी ना, संडे को..." तोवर मुलगी म्हणाली, "सो स्वीट, आंटी, एक बूमरँग?" आणि कमलताईंना त्या व्हिडिओसाठी हातात दिलेला रिकामा ग्लास तीनदा वर-खाली करावा लागला. घरी उपमा करून पोरांची वाट बघावी आणि त्यांनी तो बाहेर नेऊन खावा, तशातली गत.

मग टेबलांवर छोट्या ग्लासांचे ट्रे आले, प्रत्येकाला वेगळा. कमलताईंच्या डाव्या हाताला युवराज बसला होता. सगळ्यांनी हातात घेतल्याशिवाय त्यांना सुरुवात करवेना. पण बाकीचे कधीच प्यायला लागले होते. त्यांनी पहिला ग्लास उचलला. थंडगार, किंचित कडू. बरं वाटलं. अर्धा संपला, आणि त्यांनी तो सहज डावीकडे सरकवला.

युवराजनं ग्लासकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. मग पुन्हा ग्लासकडे. "काकू... हा तुमचा ग्लास आहे."

कमलताईंचे कान तापले. इतक्या वर्षांत ग्लास कधी न पिता परत आला नव्हता. त्या बोलायला गेल्या, पण स्नेहा धावत आली. "पसंद नै आई क्या, आंटी? कायकू जबरदस्ती पीते? नक्को तो नक्को!" आणि तिनं तो ग्लास उचलून शेजारच्या बादलीत रिकामा केला.

"अगं..." कमलताईंचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला.

दुसऱ्या जागी त्यांनी काही घेतलं नाही. खिडकीशी बसून त्या रस्ता बघत राहिल्या. युवराज दोन टेबलं सोडून फोनमध्ये डोकं घालून बसला. उष्टा ग्लास पुढं करणारी म्हातारी, तो अंतर राखणारच. त्याच्या जागी आपली एखादी विद्यार्थिनी असती तर आपणही तिला हेच शिकवलं असतं, असं त्यांच्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. परत जावं का? पण मग काय, पुन्हा ते घर, ते पडदे, तो रविवार.

तिसऱ्या जागी युवराज आपण होऊन समोर येऊन बसला.

"काकू, मघाशी मी जरा... राग आला का?"

"तुझं काय चुकलं? सवय माझी वाईट."

"सवय?"

आता बोलले नाही तर कधीच नाही. कमलताई बोलायला लागल्या. बेगम बाजार, मिरच्यांत दडवलेली बाटली, पडदे, भाग्यलक्ष्मी, एकच ग्लास. युवराज आधी नुसता ऐकत होता, मग हसायला लागला. मोठ्यानं, टेबलावर हात मारून.

"एकाच ग्लासात? आणि कामवालीला पत्ता नाही? काकू, काका म्हणजे सॉलिड माणूस!"

काका म्हणजे सॉलिड माणूस. हे वाक्य कुणी तरी बोलावं म्हणून दोन वर्षं त्या थांबल्या होत्या. आता पुढचं सांगायचं, की ते गेले. तोंड उघडलंही.

"मग त्यांना का नाही आणलं?" युवराजनं विचारलं.

त्याचा चेहरा हसरा होता. 'गेले' म्हटलं की तो पडणार, 'सॉरी काकू' म्हणणार, मान खाली घालणार, आणि गिरीशराव पुन्हा भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत जाऊन बसणार. कमलताईंना ते आत्ता, या घटकेला, नको होतं.

"गुडघा," त्या म्हणाल्या. "जिने चढवत नाहीत. जेवून झोपले असतील आता."

"अरेरे! काकांना जळवू या. थांबा." त्यानं ग्लास हातात घेतलेल्या कमलताईंचा फोटो काढला. "त्यांचा नंबर द्या, पाठवतो."

कमलताईंनी स्वतःचा नंबर दिला.

समोरचा ग्लास त्यांनी एकटीनं पूर्ण प्यायला. मिनीबसनं सगळ्यांना मेट्रोपाशी सोडलं. टी-शर्टवाले पुढच्या पार्टीला गेले, युवराज मित्राच्या घरी. "काकांना नमस्कार सांगा," तो लांबून ओरडला.

"सांगते," कमलताई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर फोन वाजला. फोटो होता, खाली मजकूर: "काका, मी युवराज. काकू इथं मजा करतायत, सांभाळून राहा! पुढच्या वेळी तुम्ही पण या."

कमलताईंनी तो पुन्हा पुन्हा वाचला. शेजारच्या बाईला दिसू नये म्हणून स्क्रीन जरा वळवून घेतली. मग एका बोटानं, चुका दुरुस्त करत, त्यांनी उत्तर लिहिलं: "गुडघा बरा झाला की नक्की येतो. ही फार वात्रट आहे, लक्ष ठेव."

युवराजचा अंगठा लगेच आला. कमलताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि उठून दाराशी उभ्या राहिल्या. अमीरपेटला गाडी बदलायची होती.