सुहादीचा वाघ

चिबातू गावचा सुहादी म्हशीच्या शिंगातून वाघ कोरायचा तो असा, की तलवारीच्या मुठीला हात घालताना माणूस बोटं जपून ठेवी. देवाने त्याच्या हातात कला दिली होती. तोंडाला लगाम द्यायचा मात्र राहून गेला होता. सख्खा मेव्हणा दार्सा पाती घडवायचा, त्यालाही तो सोडत नसे.

"लोखंड काय, गाढवही बडवेल. तलवार ओळखतात ती मुठीवरून."

"मग दाजी, उद्यापासून बांबू तोडायला मूठच घेऊन जा," दार्सा म्हणायचा.

मौलूदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या महिन्यात वाडवडिलांच्या तलवारी गावाच्या पेटीतून काढून धुवायच्या, अशी रीत. त्या पेटीत आपलीही तलवार जावी, आपल्यामागे लोकांनी ती दरसाल हातात घ्यावी, एवढीच सुहादीची आस. वर्षभर खपून त्याने मूठ कोरली, म्यानावर वेली चढवल्या. पात्यासाठी मात्र दार्साच्या दारी जाणं कमीपणाचं वाटलं. बाजारातून पत्र्याचं स्वस्त पातं आणलं आणि जुन्या पात्यांवर असते तशी लहरींची नक्षी त्यावर काढली. रंगाने. शाळेतल्या पोराने नकाशा रंगवावा तशी.

"कुणाच्या लक्षात आलं तर?" बायको इयेतने विचारलं.

"माझी मूठ सोडून पात्याकडे बघायला सवड कुणाला आहे?"

धुण्याच्या दिवशी पेटी राखणाऱ्या म्हाताऱ्या अबाह सार्कमनी मूठ हातात फिरवली, मान डोलावली. सुहादीची छाती फुगली. मग अबाहंनी बिस्मिल्ला म्हणून पात्यावर लिंबू चोळलं, फुलांचं पाणी ओतलं. देवाचं नाव घेऊन ओतलेल्या पाण्याला कुणाची भीड नसते. नक्षी ओघळून त्यांच्या कोपरापर्यंत आली.

सगळं गाव बघत होतं. कुणी हसलंही नाही.

"वाघ छान आहे रे," हात पुसत अबाह म्हणाले. "दात तेवढे घरी विसरलास." आणि त्यांनी तलवार त्याच्या मांडीवर परत ठेवली.

संध्याकाळी सुहादी दार्साच्या भट्टीशी गेला.

"एक पातं हवंय."

"देतो की. आधी भाता ओढा, दाजी. गाढवाचंच काम आहे, जमेल तुम्हाला."

तेवढंही त्याला जमलं नाही. नाक वर करून घरी आला.

इयेतने मुठीतला पत्रा उपसून फेकला आणि मूठ भावाने, दार्साने दिलेल्या सुरीवर ठोकून बसवली. पुढच्या मौलूदला गावात पेटी उघडली, तेव्हा चिबातूचा सर्वांत देखणा वाघ चुलीपाशी, तेलाने माखून, फणस कापत होता.