गुणी बाळाची झोप

भाचीचा सहा महिन्यांचा मुलगा कुकरच्या शिट्टीनेही कधी जागा झाला नाही. ‘किती गुणी बाळ,’ असं सगळे म्हणायचे. मीही म्हणाले होते. त्रास न देणाऱ्याची चौकशी करायची आपल्याला सवयच नसते. पुढे त्याला ऐकू येत नाही हे कळलं आणि कानांना यंत्रं लागली.

ती यंत्रं पुरतात का, हे बघायला काल गेलो. बाळाला विचारता येत नाही, म्हणून ही तपासणी तो झोपलेला असताना करतात. यंत्रं कानात तशीच ठेवून कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या, स्पीकरमधून आवाज सोडले. मेंदूपर्यंत काय पोचतं, ते पडद्यावर उमटत होतं. भाची मात्र तपासणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“पोचतोय,” त्या म्हणाल्या. “आपल्या बोलण्याइतका आवाज पोचतोय.”

“मी म्हणतच होते, यंत्रं लागू पडणार,” भाचीच्या सासूबाई नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

“आई, हळू बोला,” भाची म्हणाली. “उठेल तो.”

हे वाक्य त्या घरात आजवर कुणाला म्हणावं लागलं नव्हतं. मी पर्सची चेन उघडत होते, ती अर्ध्यावरच सोडली.