मोठीमायच्या घरची लेकरं

माझी लेक चालायला लागली आणि त्याच सुमाराला माणसांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. म्हणजे डोळे टक्क उघडे असायचे, पण नजर माझ्या कानाच्या बाजूनं कुठंतरी मागं गेलेली. मी उचलायला वाकले की आधी तिचा तळवा माझ्या कपाळावर यायचा, मग नाकावरून हनुवटीपर्यंत उतरायचा, आणि तेव्हा कुठं ती हसायची. आईला ओळखायला एवढं चाचपायची काय गरज? घरात सगळ्यांना त्याचं कोण कौतुक. मला मात्र त्या गार तळव्याची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू.

माझं माहेर अकोल्याचं. वडिलांचं फुलांचं दुकान होतं, त्यामुळं चिखलात हात घालायची सवय नव्हती, आणि तोंड बंद ठेवायची तर मुळीच नव्हती. सासर पडलं अमरावतीला, वलगावच्या रस्त्यावर. मळ्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेनं मोगरा. आमच्या वस्तीतल्या बाया उजाडायच्या आत टोपल्या डोक्यावर घेऊन इतवाऱ्याच्या बाजारात जायच्या आणि माल खपला की परतायच्या. रांगतं-चालतं लेकरू बाजारात कुठं सांभाळणार? ती सगळी लेकरं दिवसभर मोठीमायकडे असत.

मोठीमाय म्हणजे वस्तीतली जुनी सुईण. माझ्या नवऱ्यापासून शेजारच्या सगळ्या बाप्यांपर्यंत जो तो तिच्याच हातावर जन्मलेला. हात थरथरायला लागले तशी तिनं बाळंतपणं सोडली, आणि बाया तिच्याकडे लेकरं ठेवू लागल्या. तिला कोणी नव्हतं. घरोघरचा भाजीपाला, भाकरी, लुगडं तिला पोचायचं.

तिचं घर म्हणजे एकच लांब खोली. पुढं एक दार, मागं एक, खिडकी नाही. मोठीमाय पुढच्या उंबऱ्यात बसायची, दार निम्मं ओढून घेतलेलं. आत अंधार, आणि त्या अंधारात घुंगरं वाजायची. कारण तिच्याकडच्या प्रत्येक लेकराच्या पायात घुंगरू बांधलेलं. नजर लागू नये म्हणून, असं मला सांगितलं होतं. कौंडण्यपूरच्या जत्रेतून बाया ती घुंगरं आणायच्या. एकट्या माझ्या लेकीच्या पायात अकोल्याहून आजोळानं दिलेले वाळे होते. त्यांचा नाद जरा जड होता.

लढाईची वर्षं होती, घासलेट मिळायचं नाही, तेव्हा तिन्हीसांजेला तिथं दिवा नसला तर कोणी काही म्हणत नसे. पण दुसऱ्यांची लेकरं अंधाराला भिऊन भोकाड पसरतात. ही रडत नसत. बोलतही नसत फारशी. लेक आणायला गेले की त्या काळोखात नुसती छुमछुम इकडून तिकडं फिरायची, कोणी कोणावर आदळायचं नाही, कोणी पडायचं नाही. मी लेक उचलायची आणि तडक घरी यायची.

मग शेजारी एक बारसं झालं. परतवाड्याहून पाहुणी आली होती, हौशी बाई. अंगणात ही लेकरं खेळत होती, तिनं एकाला जवळ घेतलं. त्याचा तळवा तिच्या तोंडावर गेला. तिला गंमत वाटली, ती हसली. मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि बघता बघता सगळी तिच्याभोवती. सगळ्यांचे हात तिच्या कपाळावर, डोळ्यांवर, गालांवर, आणि सगळ्यांची नजर एकाच बाजूला वळलेली. पाहुणी हसायची थांबली. "हे असे काय करून राहिले?" असं तिनं विचारलं, तर बाया म्हणाल्या, मोठीमायची खोड लागली, ती लेकरं घेताना तोंडावरून हात फिरवते ना, दृष्ट काढते. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दृष्ट कशाची काढते, डोंबलाची!

दुसऱ्या दिवशी मोगरा विकून मी भर दुपारी तिच्या दारात गेले. आवाज होऊ नये म्हणून बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, चपला दूर काढून ठेवल्या. मोठीमाय उंबऱ्यात चिंचा फोडत बसली होती. मी तिच्या पुढ्यात उभी राहिले, ऊन माझ्या पाठीवर. तिनं मान वर केली, नजर माझ्या कानाच्या बाजूनं मागं गेली, आणि तिनं पुन्हा चिंचेत हात घातला. मी खाली वाकले, तोंडासमोर तोंड नेलं आणि चक्क जीभ काढून दाखवली. सासूपेक्षा वडील बाईला! ती आपली चिंचोके वेगळे करत राहिली. आतली घुंगरं जरा मंदावली, तसा तिचा कान तिकडं वळला. आणि मग अगदी सावकाश ती म्हणाली, "मोगरा लवकर खपला वाट्टे आज." मी तशीच मागं सरले आणि चपला हातात घेऊन पळाले.

संध्याकाळी मी सासूला, आत्याबाईंना, सांगितलं. मोठीमायला दिसत नाही, मुळीच दिसत नाही, मागचं दार नुसतं लोटलेलं असतं आणि मागं पलीकडच्या मळ्याची विहीर आहे, कठडा नसलेली. आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाल्या, जिनं तुझ्या नवऱ्याला पहिल्यांदा हातात घेतलं तिच्याबद्दल असं बोलतात का. नवऱ्यानं तर हसण्यावारी नेलं. इतवाऱ्यात शेजारी बसणाऱ्या बायांना सांगितलं, तर एकीनं नाक मुरडलं, दुसरीनं आपलं पोतं माझ्या पोत्यापासून दूर ओढून घेतलं. मला वाटलं, अकोल्याची म्हणून माझं कोणी ऐकत नाही. मग मीही हट्टाला पेटले.

कमेटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, दवाखान्यात तेव्हा जबलपूरहून बदलून आलेली एक डॉक्टरीणबाई होती. गोरीपान, हिंदीच्या ठसक्यात मराठी बोलायची. तिच्यापुढं जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि स्वतः येऊन बघते म्हणाली, तसा निरोपही वस्तीत पाठवला. माझ्या जिवात जीव आला.

ती आली ती बाजाराची वेळ होती, आणि तरीही वस्तीतल्या सगळ्या बाया मोठीमायच्या घरी हजर. कोणी सारवत होती, कोणी लेकरांची नाकं पुसत होती. मागच्या दाराला कडी लावलेली. मोठीमाय धुतलेलं लुगडं नेसून मधोमध बसली होती, आणि आत्याबाई तिच्या मागं, तिच्या पाठीवर मायेनं हात ठेवून. डॉक्टरीणबाईनं बोटं वर केली आणि विचारलं, किती. मोठीमायनं जरा थांबून बरोबर सांगितलं. पुन्हा बोटं बदलली, पुन्हा बरोबर. मी बाजूला उभी होते. आत्याबाईंचं एक बोट म्हातारीच्या पाठीवर हळूच टेकत होतं आणि उचलत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष बायांकडे गेलं. सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. रागानं नाही. कोणी पापणी लववत नव्हतं. मी भिंतीला जाऊन टेकले.

डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन आली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, बुजुर्ग माणसावर असा आळ घेऊ नये, बेटी. तिचा टांगा निघून गेला.

रात्रीच्या भाकरी थापताना आत्याबाई एकदाच बोलल्या. "आमाले का माहीत नाई का वं? घुंगरं कोनं बांधले मंग? तिले बंद केलं तर लेकरं कोन पाहीन, तू?" म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज पहाटे हसत हसत आपलं लेकरू त्या अंधारात सोडून जाणाऱ्या एकूणएक बाईला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून लेकीला आत्याबाईच कडेवर घेऊन मोठीमायकडे पोचवू लागल्या, आणि मी टोपली घेऊन त्यांच्या मागं मुकाट चालायची. आत पेटलेली असायची मी, पण सासूच्या कडेवरून लेकरू ओढून घेण्याइतकी सुनांची सत्ता तेव्हा कोणत्या घरात होती?

एका दुपारी बाजारात माझं मन लागेना. राहिलेलं सांभार शेजारणीच्या पोत्यावर टाकलं आणि निघाले. मोठीमाय नेहमीच्या जागी बसली होती. पावलं ओळखून तीच म्हणाली, "ये. तुही पोट्टी आज लय नाचून राह्यली." खरंच आतून त्या जड वाळ्यांचा नाद येत होता. गोल गोल, भिंतीच्या कडेनं, मध्येच थांबून पुन्हा. उन्हातून आत गेल्यामुळं मला काही दिसेना. नाद जवळ आला तशी मी वाकून दोन्ही हातांनी धरलं. हाताला केस लागले. आखूड, राठ केस, आणि त्याखाली धडधडणारं काहीतरी.

बकरीचं पिल्लू होतं. लेकरांपैकी कोणीतरी खेळता खेळता माझ्या लेकीचे वाळे त्याच्या पायांत अडकवले होते. मागचं दार उघडं होतं.

मी काय ओरडले ते आठवत नाही. मोठीमाय उठायला गेली आणि चिंचांवर पडली, एवढं आठवतं. मी मागच्या वाफ्यांतून धावत सुटले, काटे-कुटे काही कळलं नाही. विहिरीच्या कडेशी मोटेचा बैल दाव्याशिवाय उभा होता, धावेच्या उतारावर, अगदी स्तब्ध. त्याच्या पुढ्यात माझी लेक. ती टाचा उंचावून बैलाच्या नाकपुडीवर तळवा फिरवत होती, आणि नजर तशीच बाजूला. तिच्या पावलामागं वीतभर जागा, मग विहिरीचं तोंड. मला हाक मारता येईना, कारण तिनं दचकून मागं पाऊल टाकलं असतं. मी पोटावर पडून सरपटत गेले आणि तिचा पाय धरला. मग किती वेळ त्या चिखलात बसून होते कोण जाणे. बैल तिथून हलला नाही.

बाया बाजारातून आल्या आणि पसरत्या अंधारात मोठीमायच्या दारात गोळा झाल्या. आत्याबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं होतं. कोणीतरी बकरीवाल्याला शिव्या घालायला लागलं, कोणी पोरांना, तेव्हा मोठीमाय उभी राहिली. दाराच्या चौकटीला धरून, एका बाजूला बघत ती बोलली.

"मले दिसत नाई. दोन बरसाती झाल्या. तुमाले म्हन्लं होतं, नोका ठेवू लेकरं, तं तुमी घुंगरं बांधून देल्ले. दुपारचा डोया लागू नये म्हनून मी तोंडात मिरची धरून बसते. घुंगरू थांबलं का माया जीव जाते. कोनी तरी एक जन बोलन म्हनून वाट पाह्यली. हे बोलली, तं तुमी मायाच पाठीवर बोट टेकवून हिले खोटी पाडली. आन मीबी पाडली. भेव वाटलं, मंग मले भाकर कोन देईन."

मोठीमाय म्हणाली, उद्यापासून कोणाचं लेकरू घेणार नाही, आणि आत गेली. बाया आपापली लेकरं उचलून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी बाजार होताच.

पहाटे मी लेकीला घट्ट धरून आत्याबाईंबरोबर निघाले. मोठीमायचं दार आतून बंद होतं. मी सासरी आल्यापासून ते कधी बंद पाहिलं नव्हतं. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या, आणि एकेकीनं लेकरू आणून ओट्यावर बसवलं. कोणी कडी वाजवली नाही. मेथी उन्हानं मलूल व्हायला लागली तरी कोणी जागची हलेना. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं डोकंच फिरलं. तक्रार केली म्हणून वाळीत टाकायला निघाल्या होत्या ना? आता बघा म्हणावं! मनातल्या मनात एकेकीचा उद्धार करत मी डोक्यावरची टोपली दाणकन ओट्यावर ठेवली. आत्याबाई पुढं आल्या. माझ्या टोपलीतला मोगरा त्यांनी आपल्या भाजीवर ओतला, टोपली उचलली, आणि एक शब्द न बोलता इतवाऱ्याकडे चालू लागल्या. मागोमाग बाकीच्या गेल्या.

उरले मी, ओटाभर लेकरं आणि ते बंद दार. निदान म्हातारीनं बाहेर येऊन कोणतं लेकरू काय खातं, कोण कशाला रडतं, एवढं तरी सांगावं की नाही? इतका राग आला होता की दार बडवायला मी हात उचलला. तेवढ्यात आतला आवाज कानावर आला. मोठीमाय घोरत होती. खोल, मोठ्यानं, दमलेलं माणूस घोरतं तशी. मी हात खाली घेतला आणि लेकरांना घेऊन पलीकडे निंबाखाली जाऊन बसले.