खिंडीत उतरायचं नाही

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही ज्याच्या हाती पडेल त्याने चुका पोटात घालाव्यात. पण वहीच्या पुढच्या पानांवर डिझेलचे जे आकडे आहेत ते मीच मांडलेले आहेत आणि त्यांत एकही चूक नाही, हे मान वर करून सांगते. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून उरलेल्या पानांवर लिहून ठेवते.

नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, भातसानगरला एका ठेकेदाराची गाडी चालवायचे. काम संपल्यावर ठेकेदाराने गाड्या विकायला काढल्या. त्यांत एक मोठी जीप होती, चारही चाकांना जोर लागणारी, डोंगरात फिरायची. बॉनेट उचललं की वाटायचं, भाताच्या गिरणीचं इंजिन काढून इथे बसवलंय. मालकांचा तिच्यावर जीव. ती घेऊन शहापूर, शेणवा आणि तिथून पुढे मुरबाडच्या बाजूला माणसं न्यायची, असं त्यांच्या मनात होतं.

पैसे माझ्या भावाने दिले. तो मुरबाडच्या पलीकडे राहतो. विहीर खणायला त्याने चाळीस हजार साठवले होते. म्हणाला, "विहीर काय, दोन वरसांनी खणू. पाणी कुठं पलून जाताय." भावजयीने आम्हाला चहा दिला, मग हंडा कमरेवर घेऊन दोन शेतं ओलांडून ओढ्यावर गेली. ती जाताना दिसली तेव्हाच मी ठरवलं, हे पैसे फिटेपर्यंत तिचा हंडा माझ्याच कमरेवर आहे असं समजायचं.

गाडी आली आणि पहिल्याच महिन्यात कळलं की ती पिते. लिटरला सहा किलोमीटर. मालकांच्या चुलतभावाची, म्हणजे माझ्या दिराची लहान जीप त्याच रस्त्यावर चालायची, तिला लिटरला बारा पडायचे. दिवसभर माणसं नेऊन मालक घरी यायचे तेव्हा डिझेल वजा जाता हातात चहापुरते पैसे. वर अॅक्सिलरेटरवर यांचा पाय जड. सपाट रस्ता दिसला की एसटीला मागे टाकल्याशिवाय यांना चैन पडायची नाही. मी मागे बसलेली असले की खोकायचे. मी खोकले की ते पाय थोडा उचलायचे. एवढंच आमचं बोलणं.

दीर रोज दारावरून जाताना गाडी हळू करायचे.

"वयनी, हत्तीला चारा घातला का?"

मी पदर पुढे ओढून आत जायचे. मालक अंगणातून म्हणायचे, "जा रे, तुजी शेरडी सांभाल."

"शेरडी हाय खरी, पण दूद देते."

हसायचे सगळे. मालकही हसायचे, पण रात्री भात कमी खायचे.

तेवढ्यात वाशिंदचा एक मिस्त्री भेटला. म्हणाला, मोठं इंजिन मला द्या, मी लहान बसवून देतो, लिटरला बारा पडतील, वर पाच हजार रोख. मालकांना ते पटलं. पाच हजार लगेच भावाला देता येतील, असं त्यांनी मला सांगितलं. मुरबाडजवळ म्हशाला भरते ती जत्रा झाली की गाडी वाशिंदला न्यायची ठरली. जत्रेला आठ दिवस होते.

मला ते पटेना, पण का पटत नाही ते सांगताही येईना. भात उकडताना मोठ्या तपेल्याखाली बारीक जाळ ठेवला तर लाकूड वाचत नाही, दुप्पट जातं, हे मला ठाऊक होतं. इंजिनाचंही तसंच असेल का, हे कुणाला विचारणार? मग मी आमच्यात नवऱ्याशी अवघड गोष्ट बोलायची जी रीत आहे ती धरली. मुलगी तिसरीत होती, तिला पुढ्यात बसवलं.

"तुज्या बाबाला सांग गो, जत्रेच्या दिवशी दोनी गाड्यांचं डिझेल मापूया. मंग काय ते इंजिन काढा."

मुलगी वळून म्हणाली, "बाबा, आई सांगते..."

"आयकलं मी," मालक म्हणाले. "तुज्या आईला सांग, मापून काय नवं निघनार हाय?"

"बाबाला सांग, नाय निघालं तर मी कदी खोकनार नाय."

मालकांनी ताटातला भात संपवला. मग म्हणाले, "तिला सांग, बरं."

दिरांना सांगितलं तर ते खूशच झाले. हरेल त्याने जत्रेत एक किलो जिलबी द्यायची, असं ठरलं. मापायचं कुणी यावर दोघे भांडू लागले. एकाचा दुसऱ्यावर विश्वास नाही. शेवटी दीरच म्हणाले, "वयनी मापतील. त्या बोलत नाय, म्हंजे खोटं पन बोलत नाय."

आदल्या संध्याकाळी मी अंगणात दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. घरातलं रॉकेलचं लिटरचं माप घेतलं. डिझेल दिसेपर्यंत ओतायचं, गाडी थोडी हलवायची, हवा निघाली की पुन्हा ओतायचं. वीस लिटरचा भरलेला कॅन आमच्या गाडीत मागे बांधला.

सकाळी गावच्या आणि पाड्यावरच्या बत्तीस बायका जत्रेला निघाल्या. सोळा त्यांच्या वाट्याला, सोळा आमच्या. आमच्या सोळाही एकदम बसल्या, मी सतरावी, वर भाकऱ्यांची गाठोडी. दिरांनी आठच घेतल्या. उरलेल्या आठजणींना म्हणाले, "तुमाला सोडायला परत येतो." सपाटीवर ते बारा-तेरा माणसं कोंबायचे, पण वाटेत खिंड आहे. खिंडीआधीच्या चढावरच आठांच्या वर त्यांची गाडी घेत नसे.

आम्ही खिंडीत पोचलो तेव्हा मी जे पाहिलं ते त्याआधी शंभर वेळा पाहिलं होतं. मी स्वतः तसं केलंही होतं. दिरांनी चढाच्या पायथ्याशी गाडी थांबवलेली. आठही बायका खाली उतरलेल्या, लुगडी खोचलेली, डोक्यावर गाठोडी, चढ चालतायत. रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत त्यांच्या मागून येतेय. वर पोचल्यावर त्या पुन्हा बसणार. लहान गाड्यांत सगळे असंच करायचे. भाडं पूर्ण द्यायचं आणि खिंड पायी चढायची. यात काही वावगं आहे असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पाड्यावरची एक म्हातारी, गुडघे सुजलेली, मध्येच थांबली आणि मागे वळून दिरांना म्हणाली, "आरं, तुजी गाडी आमाला नेते का आमी तुज्या गाडीला नेतो?"

मालकांनी पुढच्या चाकांचा जोर लावला आणि आमची गाडी सोळाजणींना घेऊन त्यांच्या बाजूने वर गेली. घाईने नाही, एकाच आवाजात, पोटभर जेवलेल्या बैलासारखी. कुणी उतरलं नाही. म्हातारीचं बोलणं मात्र माझ्या कानात राहिलं, आणि आठ दिवस जे सापडत नव्हतं ते सापडलं.

म्हशाला दीर दुसऱ्या आठजणींना घेऊन पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. जिथे गाड्या लावतात तिथे, बैलांच्या बाजाराच्या कडेला, मी कॅन उतरवला. बायका गोल करून उभ्या राहिल्या. बैलांचे दोन-चार दलालही आले, त्यांना वाटलं काही विकायला आहे. आमच्या टाकीत पाच मापं बसली. दिरांच्या टाकीत सात, आणि आठवं अर्धं.

दीर म्हणाले, "बसनारच ना. मी तीन खेपा केल्या. जाऊन, येऊन, परत जाऊन, नव्वद किलोमीटर झाले. लिटरला बाराच पडले. तुमी तीस किलोमीटरला पाच प्यालात. जिलबी आना."

मालकांनी खिशात हात घातला. त्यांचंही गणित किलोमीटरचंच होतं. मी माप हातात धरून उभी होते. इतक्या माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि मुलगी जवळ नव्हती.

"भावजी," मी म्हणाले, "लिटरला किलोमीटर बारा, ते बरोबर. पन लिटरला बायका किती?"

दिरांनी बोटं मोजायला घेतली. मग मीच पुढे बोलले. "सोला बायका आनायला तुमाला साडेसात लागले. आमाला सोलांना पाच. आनि खिंडीत या चालल्या, ते डिझेल कुनाचं धरलं?"

म्हातारी गाडीच्या चाकाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "माज्या गुडग्याचं."

हसण्याने बैल बुजले. दिरांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि जिलबी आणायला गेले. जाताना मालकांना म्हणाले, "तुजी बायको बोलते रे." मालक म्हणाले, "लई नाय बोलत." जिलबी बत्तीस जणींत एकेक वेढा आली.

संध्याकाळी परतताना दिरांच्या वाट्याच्या म्हातारीने आमच्या गाडीचा दांडा धरला. म्हणाली, "एक रुपया जादा घे, पन मना खिंडीत उतरवू नको." त्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा राहिला.

गाडी वाशिंदला गेली नाही. भाडं आम्ही एक रुपया वाढवलं आणि मालक स्टँडवर ओरडू लागले, "खिंडीत उतरायचं नाय." गाठोडीवाल्या, लेकुरवाळ्या, म्हातारी माणसं आमच्यासाठी थांबू लागली. पण खरं तेही लिहिलं पाहिजे. चार माणसं घेऊन सपाट रस्त्याने गेलं की आम्ही हरायचो, दीर जिंकायचे. तिथे आमची गाडी नुसती खात होती. म्हणून मी मुलीकरवी दुसरी गोष्ट सांगितली: गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही, आणि शहापूरच्या सपाटीचं भाडं दिरांना सोडायचं. दीर खिंडीपलीकडे जाणारी माणसं आमच्याकडे धाडू लागले. "हत्तीत बसा," सांगायचे. मालकांनी एसटीला मागे टाकणंही सोडलं. ताकद चढासाठी आहे, सपाटीवर मिरवायला नाही, हे त्यांना एकदा डिझेलचे आकडे वाचून दाखवल्यावर पटलं. हळू चालवून लिटरला सहाचे सात झाले. माझा खोकला बरा झाला.

तो वरचा रुपया मी घरात मिसळू दिला नाही. तो खिंडीचा रुपया, वेगळ्या डब्यात. डबा भरला की दुकानदार सुट्ट्यासाठी यायचा, त्याच्याकडून नोटा घ्यायच्या आणि दिवाळीला भावाकडे न्यायच्या. असं चार वर्षं चाललं. तोवर दोन हजार साल येऊन गेलं, मुलगी माझ्यापुढे शिकून सातवीत गेली.

शेवटचे दोन हजार मी नाण्यांतच ठेवले. मालक म्हणाले, नोटा करून घे, ओझं कशाला. पण मला ते भावजयीच्या हातात जड लागायला हवे होते. पिठाच्या पिशवीत भरून, तोंड बांधून गाडीत मांडीवर घेतले.

भाऊ अंगणात होता. पिशवी उचलून म्हणाला, "एवडं वजन? गाडीनं खिंड कशी चडली गो?"

"कुनी उतरलं नाय," मी म्हणाले.

भावजय बाहेर आली. मी पिशवी तिच्या पदरात ठेवली, भावाच्या नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि नाणी दहा-दहाच्या ढिगांत मांडू लागली. एकूण दोनशे ढीग झाले. शेवटचा ढीग झाल्यावर तिने उंबऱ्यासमोरच्या धुळीत बोटाने चाळीस हजार लिहिलं, खाली रेघ ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"फिटले," ती म्हणाली. इतकी वर्षं मला हात लावू न दिलेला कोपऱ्यातला हंडा तिने त्या दिवशी मला उचलू दिला, आणि ओढ्यापर्यंत आम्ही दोघी बोलत गेलो. विहिरीची जागा तिने मला वाटेत दाखवली.