पाऊचच्या चेनचं कुलूप

दिल्लीला बदली झाल्यापासून मी प्रत्येक बॅगेच्या चेनला कुलूप लावते. पुण्यापर्यंतचा रेल्वेचा प्रवास, शेजारच्या बर्थवर कोण असेल देव जाणे! आर. के. पुरममधल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी बायका हेच करतात. आमचे हे, म्हणजे नवरोबा, हसतात. हसू देत.

ह्यांना नाद पक्ष्यांच्या शिकारीचा, अर्थात कॅमेऱ्याने. हृदयात स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत. जरा खरचटलं तरी रक्त थांबत नाही. म्हणून पट्ट्या, कापूस, कात्री असा छोटासा लाल पाऊच त्यांनी स्वतः भरला आणि माझ्याकडे सोपवला.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही गुडगावपलीकडे अरवलीत गेलो. धनेश पक्षी दिसला, हे मान वर करून निघाले आणि घसरले. दगडाच्या धारेने पोटरी चिरली.

"पाऊच काढ," हे म्हणाले.

मी काढला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. चेनला इवलंसं पितळी कुलूप! दिवाळीच्या प्रवासात मीच लावलेलं. किल्ली घरी, देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी.

मी कुलूप ओढलं, दगडाने ठेचलं, दातांनी चेन ओढली. तोंडाचा पट्टा चालूच. "सांगत होते ना, खाली बघून चाला! पन्नाशी उलटली तरी अक्कल म्हणून नाही!" तोवर ह्यांचा मोजा रक्ताने भिजला, चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, ओढणी," हे हळूच म्हणाले.

अगंबाई! ओढणी माझ्याच गळ्यात होती. ती जखमेवर गच्च आवळली आणि दोन्ही हातांनी दाबून बसले. मग फोन करून खाली गाडीपाशी थांबलेल्या ड्रायव्हरला वर बोलावलं.

दवाखान्यात नऊ टाके पडले. "थोड़ी देर और हो जाती तो..." डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले.

घरी आल्यावर ह्यांना झोपवलं, किल्ली घेतली, कुलूप उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे. वर एक घडी घातलेला कागद, ह्यांच्या ऑफिसातल्या सुबक अक्षरात, खाली लाल पेनाने रेघ मारलेली:

"घाबरू नकोस. आधी दाबून धर, मग ओरड."